नवसाचा बोकड आणि फोर-व्हील ड्राइव्ह

धाराशिवच्या गुरुकृपा कॉलनीतले राघवेंद्र सावरगावकर सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत आले होते. भूगोलाच्या शिक्षकाकडं चारही चाकं ओढणारी जीप असायलाच हवी, असं त्यांचं मत एकाएकी कसं झालं, ते त्यांच्या पत्नीला, प्रेमलाताईंना, अजून उलगडलं नव्हतं. जीप जुनी होती, पण दणकट होती. रंग शेवाळी, मागं समोरासमोर दोन बाकडी, आणि पुढं दोन गिअर. एक लांब आणि त्याला खेटून एक आखूड. लांब गिअर काय, सगळ्याच गाड्यांना असतो. आखूड गिअर हा सरांचा जीव की प्राण होता. घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ते फाटकाबाहेर नेत, जीपचं दार उघडत आणि आखूड गिअरवर हात ठेवून सांगत, की हा एकदा टाकला की चिखल असो, वाळू असो, डोंगर असो, गाडी थांबायचं नाव घेत नाही.

आठ महिने झाले तरी चिखल, वाळू किंवा डोंगर यांपैकी काहीही जीपच्या वाट्याला आलं नव्हतं. ती भाजीबाजारात जात होती, दळणाला जात होती आणि सणावाराला तुळजापूरला सरांच्या सासुरवाडीला जात होती. आखूड गिअरला प्रेमलाताई कोथिंबिरीची पिशवी अडकवत. एवढ्यावरही सरांचं समाधान राहिलं असतं. पण एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाच्या बाईंनी सहज म्हणून विचारलं, की सर, तो छोटा गिअर शोभेचा असतो का हो. बाईंच्या मनात काही नव्हतं. विज्ञानाच्या माणसाला शंका यायच्याच. सरांनी मात्र त्या दिवशी चहा अर्धा ठेवला आणि घरी येऊन जाहीर केलं, की येत्या रविवारी मोरदऱ्याच्या जंगलातून जीप न्यायची. नऊ किलोमीटर कच्ची वाट, या टोकाला शिरायचं आणि त्या टोकाला निघायचं, दिवसाउजेडी घरी परत.

बेत एवढाच होता. पण कॉलनीत कुठलाही बेत एवढाच राहत नाही. समोरच्या घरातले शांतलिंग अप्पा एसटीत एकतीस वर्षं चालक होते. एवढ्या काळात त्यांच्या हातून एकच बैल दुखावला होता आणि तोही, त्यांच्या सांगण्यानुसार, बैलाच्या चुकीनं. त्यांनी सरांना दोर घ्यायला सांगितला, दोन फळ्या घ्यायला सांगितल्या आणि हे सगळं वापरायचं कसं ते तुम्हाला जमणार नाही म्हणून मीही येतो असं सांगितलं. औषधाच्या दुकानातले विरुपाक्ष यांचं मत पडलं, की कच्च्या रस्त्याला टायरमधली हवा कमी करावी. सरांनी गुरुवारी ती कमी केली. शुक्रवारी अप्पांनी ते पाहिलं आणि असल्या टायरवर आपण बसणार नाही म्हणाले, म्हणून सरांनी ती पुन्हा भरली. शनिवारी दोघांत समेट होऊन पुढच्या चाकांत विरुपाक्षांची आणि मागच्या चाकांत अप्पांची हवा ठेवायचं ठरलं. या सगळ्या चर्चेत जीपच्या मालकाला कोणी काही विचारलं नाही.

परवानगी हे प्रकरण वेगळंच होतं. जंगलात गाडी न्यायची तर पास लागतो. पास देणारे कारकून अतिशय सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सरांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अर्जातला चौथा रकाना कोरा का ठेवला म्हणून विचारलं. चौथा रकाना होता 'प्रवेशाचे कारण'.

"कारण असं काही नाही," सर म्हणाले. "हौस."

कारकुनांनी चष्मा काढून पुसला. "हौस हे कारण होत नाही, सर. चार कारणं आहेत. शैक्षणिक सहल, संशोधन, शासकीय काम आणि देवदर्शन. यातलं एक तुम्हाला असायला पाहिजे."

सरांनी शैक्षणिक सहल म्हटलं, तर विद्यार्थ्यांची यादी आणि पालकांची संमतीपत्रं लागत होती. संशोधन म्हटलं, तर विद्यापीठाचं पत्र लागत होतं. शासकीय कामं सरांनी जन्मभर केली होती, जनगणना केली होती, निवडणुका केल्या होत्या, पण त्यातलं एकही जंगलात निघालेलं नव्हतं. उरलं देवदर्शन. जंगल संपतं तिथं, पलीकडच्या टोकाला, रानजाईचं ठाणं आहे. देवीला जाणाऱ्याला कोणी अडवत नाही, असं कारकुनांनी आपण होऊन सुचवलं. फक्त अट एक. मागं काही मंडळी देवदर्शनाच्या नावाखाली शिरून गाणी लावून नाचली होती, तेव्हापासून नाक्यावर नैवेद्य दाखवावा लागतो.

सर पास घेऊन घरी आले आणि ही अट त्यांनी शक्य तेवढ्या हलक्या आवाजात सांगितली.

"म्हणजे तुमच्या गिअरसाठी मी पुरण वाटायचं," प्रेमलाताई म्हणाल्या.

पण प्रेमलाताई तुळजापूरच्या, पुजाऱ्यांच्या घरातल्या. नैवेद्याची थट्टा त्यांच्या माहेरात कोणी केली नव्हती. अर्जावर दर्शन लिहिलंय, तर आता दर्शन होईल, देवीला फसवून कोणी जायचं नाही, असं त्यांनी बजावलं. शनिवारी संध्याकाळी एकवीस पोळ्या झाल्या. ओटीसाठी खण आला, नारळ आला. सरांना मोटारीची सफर हवी होती आणि हातात आली होती यात्रा. तरी गाडी तीच आणि वाट तीच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

रविवारी सकाळी सातला निघायचं म्हणून साडेआठला निघाले. ढोकीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, एकेकाच्या मागं दोन दोन ट्रेलर. मागच्या बाकड्यावरून अप्पा सरांना आता काढा, आता नको, असं सांगत होते आणि प्रत्येक वेळी उजवा पाय फळीवर दाबत होते. एकतीस वर्षांची सवय होती ती. ब्रेक मात्र लागत नव्हता, त्यामुळं त्यांचा चेहरा चिंताक्रांत होत चालला होता.

मोरदऱ्याच्या नाक्यावर गोरोबा नावाचा रखवालदार होता. त्यानं पास मोठ्यानं वाचला, व्यक्ती तीन मोजल्या, डबा उघडायला लावून पोळ्या पाहिल्या आणि वास चांगला आहे असा शेरा दिला. मग फाटक उघडायचं सोडून तो सरांच्या खिडकीशी आला आणि जरा अवघडून म्हणाला, की एक म्हातारी बाई आहे, तीही रानजाईलाच चाललीय, तिला घ्या.

बाई नाक्याच्या सावलीत बसली होती. वय सत्तरीचं, अंगानं काटक, डोक्यावर पदर, आणि शेजारी एक बोकड. काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा, गळ्यात झेंडूची माळ आणि सगळ्या अंगावर हळदकुंकू. धुरपताबाई तिचं नाव. घरची तीसेक माणसं टेंपोनं डांबरी रस्त्याला लागून लांबच्या वळशानं देवीला गेली होती. बाईला टेंपोत मळमळतं म्हणून ती बोकड घेऊन रानातून पायी निघाली होती.

सरांनी पास पुढं केला. त्यावर व्यक्ती तीन लिहिलेलं होतं, आणि बोकडाचा तर उल्लेखच नव्हता.

"बाई पायवाटेनं आलेली हाय," गोरोबा म्हणाला. "पायवाटेला पास लागत न्हाय. ती आन् बोकड तुमच्या गाडीत बसलं तरी माझ्या वहीत ते पायीच."

असल्या युक्तिवादापुढं भूगोल चालत नाही. बाई मागं बसली, बोकड चढला, फळ्यांवर चारही पाय रोवून उभा राहिला आणि त्यानं मान पुढं काढून सर आणि प्रेमलाताई यांच्या मधोमध ठेवली. अशी ती सफर सुरू झाली.

पहिले तीन किलोमीटर फार सुखाचे गेले. लाल मुरमाची वाट, दोन्ही अंगांना धावडा आणि हिवर, मधून माळाचा तुकडा आणि त्यावर वाळायला लागलेलं गवत. एक मोर वाट ओलांडून गेला. खड्डा आला की सर मुद्दाम त्यातून गाडी घालत आणि बाहेर आल्यावर प्रेमलाताईंकडं बघत. प्रेमलाताईंचं लक्ष मांडीवरच्या डब्याकडं होतं. मागं अप्पांचं तोंड एव्हाना पिवळट पडलं होतं. जन्मभर गाडी चालवलेला माणूस, मागच्या आडव्या बाकड्यावर असा कधी बसलाच नव्हता. टेंपोत मळमळणारी धुरपताबाई मात्र अगदी ठणठणीत होती, आणि तिनंच अप्पांना कमरेच्या पिशवीतली लवंग काढून दिली.

बोलता बोलता नवसाचं कळलं. बाईची नात वैष्णवी पोलीस भरतीत उतरली होती. दोन वर्षं पोरगी पहाटे उठून धावत होती. एकदा अर्ध्या सेकंदानं संधी हुकली, तेव्हा बाईनं रानजाईला बोकड बोलला. औंदा निवड झाली. आता सबंध भावकीला जेवण होतं, आचारी बोलावला होता, मसाला वाटून तयार होता.

प्रेमलाताईंनी मागं वळून बोकडाचं नाव विचारलं.

"नवसाच्या जनावराला नाव ठिवत न्हायत, बाई," धुरपताबाई म्हणाली. "नाव ठिवलं की जड जातं."

थोड्या वेळानं बोकडानं पुढचे पाय उचलून अप्पांच्या मांडीवर ठेवले. धुरपताबाई चटकन बोलून गेली, "गुंड्या, खाली हो." बोकड खाली झाला.

पाचव्या किलोमीटरला वाट फुटत होती. धुरपताबाईनं उजवीकडची, खडकाची वाट दाखवली. सरांजवळ छापून आणलेला नकाशा होता आणि त्याच्यात डावीकडची वाट सरळ, सपाट आणि एक किलोमीटरनं कमी दिसत होती. तिकडं पाझर तलावाचं पाणी नुकतंच हटलंय, गुरंसुद्धा जात नाहीत, असं बाई म्हणाली. सरांनी तिला समजावून सांगितलं, की गुरांना फोर-व्हील ड्राइव्ह नसतं. समजावणं हा त्यांचा धंदाच होता. बाईनं ऐकून घेतलं आणि पदर कानावरून घट्ट केला.

तलावाचा तळ वरून अगदी कोरडा होता. भेगा पडलेली काळी माती, भाकरीसारखी खरपूस. जीप मधोमध गेली, म्हैस पाण्यात बसते तशी एक सुस्कारा टाकून खाली बसली आणि थांबली. भेगांच्या खाली नुसती राबडी होती.

सर घाबरले नाहीत. उलट, आठ महिने ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता. त्यांनी घसा साफ केला, आखूड गिअरवरची कोथिंबिरीची सुकलेली काडी झटकली, आणि सगळे बघताहेत अशी खात्री करून घेऊन गिअर टाकला. इंजिन गरजलं. मागची दोन चाकं भन्नाट फिरली. पुढची दोन जागची हलली नाहीत. अप्पा नेमके तेव्हाच जीपच्या मागं उतरून ओकारी काढत उभे होते, ते टाचेपासून टोपीपर्यंत काळे झाले. दुसऱ्यांदा टाकला. मागची चाकं आणखी वीतभर रुतली. पुढची तशीच, सभेतल्या अध्यक्षांसारखी स्वस्थ.

मग कॉलनीतल्या सल्ल्यांची पाळी आली. दोर काढला, पण ज्याला तो बांधायचा ते सगळ्यांत जवळचं झाड दोराच्या तिप्पट लांब होतं. फळ्या चाकांखाली सारल्या आणि त्या चिखलात अशा गडप झाल्या की पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडल्या नाहीत. अप्पांनी विरुपाक्षांच्या हवेला दोष दिला. सगळ्यांनी उतरून ढकलायचं ठरलं. प्रेमलाताईंनी डबा आणि ओटीची पिशवी आत बाकड्यावर ठेवली, साडी खोचली आणि पुढच्या चाकाशी जाऊन जोर लावला. तिसऱ्या खेपेला त्या थांबल्या, चाकाच्या मधोमध बोट घासून त्यांनी चिखल पुसला आणि वाकून बघितलं.

"अहो, इथं इंग्रजीत लिहिलंय. एका बाजूला फ्री आणि एका बाजूला लॉक. बाण आत्ता फ्रीवर आहे. तसाच असायला पाहिजे का?"

सर खाली उतरले आणि त्यांनी बघितलं. चाकाच्या मध्यावर एक गोल चकती होती, हातानं फिरवायची. पुढची चाकं जोडायची तर आधी खाली उतरून दोन्हीकडची ती चकती फिरवावी लागते, त्याशिवाय आत तो आखूड गिअर कितीही टाका, त्याचा उपयोग कोथिंबीर अडकवण्यापलीकडं नाही, ही गोष्ट त्यांना त्या क्षणी लख्ख कळली. आठ महिने पाहुण्यांना दाखवलेला गिअर त्यांच्या डोळ्यांपुढून एकेका पाहुण्यासह सरकून गेला.

"तसाच असतो," ते म्हणाले.

प्रेमलाताईंनी त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं. मग धुरपताबाई चाकांखाली घालायला तरवडाच्या फांद्या मोडत होती तिकडं मदतीला जाते म्हणाल्या, आणि अप्पांनाही तोंड धुवायला म्हणून हाताला धरून बरोबर घेऊन गेल्या. सगळ्यांच्या पाठी वळल्या तसे सर चटकन गुडघ्यावर बसले, त्यांनी दोन्ही चकत्या फिरवल्या आणि पुन्हा जागेवर येऊन असे बसले, की जसं काही ते हललेच नव्हते.

या खेपेला पुढच्या चाकांनी माती धरली. जीप हबकली, डुलली आणि चिखल फाडत पलीकडच्या कठीण जमिनीवर जाऊन उभी राहिली. अप्पा म्हणाले, फळ्यांनीच काम केलं. धुरपताबाई म्हणाली, तरवडाची फांदी धरून ठेवते. सर काही म्हणाले नाहीत. प्रेमलाताईही काही म्हणाल्या नाहीत, आणि हा उपकार सरांना मनातून इतका लागला की त्यांनी आपण होऊन त्यांच्यासाठी दार उघडलं.

दार उघडलं आणि आत दिसला तो बोकड. या सगळ्या धामधुमीत त्याला उतरवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. डब्याचं झाकण खाली पडलं होतं. एकवीसपैकी साडेवीस पोळ्या गेल्या होत्या, उरलेली अर्धी त्याच्या तोंडात होती आणि ओटीचा खण काठापर्यंत चघळून झाला होता. तो त्यांच्याकडं बघून शांतपणे रवंथ करत राहिला.

धुरपताबाई मटकन एका दगडावर बसली. सरांना वाटलं, आता ही बाई बोकडाला बडवणार किंवा आपल्याला बोल लावणार. ती दोन्ही करीना. चिखलाच्या पायांकडं बघत ती प्रेमलाताईंना म्हणाली, "बाई, तुमी तुळजापूरच्या. पुजाऱ्याच्या घरच्या. देवीच्या आधी ह्यानं निवद खाल्ला. आता ह्यो चालतो का देवीला? तुमी सांगा."

तिच्या विचारण्यात काहीतरी होतं. प्रेमलाताई तिच्याशेजारी दगडावर टेकल्या आणि त्यांनी भलताच प्रश्न विचारला, की टेंपोत तुम्हाला खरंच मळमळतं का.

"न्हाय," धुरपताबाई म्हणाली. "परवा लातूरला जाऊन आले की टेंपोत. काय झालं न्हाय मला." मग म्हणाली, "ह्याची माय ह्याला टाकून मेली. म्या बाटलीवर वाढिवला. टेंपोनं गेलो तर अर्ध्या घंट्यात पोचतो. चालत नेला की तेवढेच दोन घंटे जास्त. तुमच्या गाडीचं गोरोबानंच जमवलं."

सर दुसरीकडं बघू लागले. अप्पांनी ओल्या टोपीचं पाणी पुन्हा एकदा पिळलं.

प्रेमलाताई उभ्या राहिल्या. त्यांनी पदर खांद्यावरून घेतला आणि देवळातल्या आवाजात सांगितलं, "देवीसाठी केलेला नैवेद्य ज्याच्या मुखात आधी गेला, तो देवीचा झाला. देवीनं त्याच्या तोंडून खाल्लं. नवस पोचला. आता त्याला सुरी लावायची नाही."

"खरं?"

"माझ्या वडिलांनीही हेच सांगितलं असतं."

सरांनी तोंड उघडलं. सासरे त्यांना चांगले माहीत होते आणि असलं काही ते सांगणं शक्य नव्हतं. पण गुडघ्यांवरचा चिखल अजून ओला होता. सरांनी तोंड मिटलं आणि जीप चालू केली.

रानजाईच्या ठाण्यावर मंडप घातला होता. चुलवण पेटलं होतं, परात भरून वाटलेला मसाला बाजूला होता आणि तीस माणसं मांडी घालून बोकडाची वाट बघत होती. धुरपताबाईचा मुलगा उत्तरेश्वर पुढं आला. उसाचा ट्रॅक्टर चालवणारा, आडदांड पण सालस माणूस. आईचं सगळं बोलणं त्यानं ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. तीन गावांना निरोप गेलेले. चुलते आलेले, सोयरे आलेले, त्यातले दोघं तर मटण आहे म्हणूनच आलेले. बायकांच्या सांगण्यावर हे कसं ठरवायचं, असं एक चुलते मागून पुटपुटले. उत्तरेश्वर मग सरांकडं वळला.

"सर, तुमी शिकलेले हाव. तुमी सांगा. शास्त्रात हाय का असं?"

तीस माणसं सरांकडं बघू लागली. सर अंगभर चिखलानं माखले होते आणि शास्त्राचा त्यांचा अभ्यास शून्य होता. पण सव्वीस वर्षांत वर्गात 'माहीत नाही' हे शब्द त्यांनी एकदाही उच्चारले नव्हते. समोर धुरपताबाई उभी होती, आणि तिचा हात बोकडाच्या मानेवर होता.

"असं बघा," सर म्हणाले, "ओढा नदीला मिळतो. मिळाल्यावर त्यातलं पाणी कोणी ओढ्याचं म्हणतं का? नदीचंच म्हणायचं. परत वेगळं करता येत नाही. तसं नैवेद्य आणि बोकड आता एक झालं. जो बोकड तुम्ही बोलला होता, तो आता शिल्लकच नाही. आहे तो देवीचा आहे. आणि हे," त्यांनी बोट वर केलं, "सगळ्या शास्त्रांना मान्य आहे."

हे सहावीच्या पुस्तकातलं नदीप्रणालीचं प्रकरण होतं, पण मंडपात ते खपलं. पुटपुटणारे चुलते मान डोलवायला लागले. उत्तरेश्वर काही शास्त्राकडं बघत नव्हता, तो आईकडं बघत होता. घरात बाटली घेऊन बोकडामागं फिरणारी आई त्यानंही पाहिलेली होती. त्यानं डोकं खाजवलं, चुलवणाकडं गेला आणि आचाऱ्याला म्हणाला, शेजारच्या मळ्यातली दोन पाट्या वांगी तोडून आणा. वैष्णवी, ती भरती झालेली नात, एवढा वेळ मंडपाच्या खांबाला टेकून गप्प उभी होती. ती आली आणि तिनं बोकडाच्या गळ्यातली माळ सरळ केली.

मटणाच्या मसाल्यात वांगी शिजली. एरवी अशा मटणाच्या जेवणात सर, प्रेमलाताई आणि अप्पा हे तिघंही शाकाहारी म्हणून बाजूला केळी खात बसले असते. आज तिघं पंगतीत बसले. तो रस्सा असा काही झाला होता, की सरांच्या नाकातून आणि डोळ्यांतून एकाच वेळी पाणी वाहत होतं आणि ते भाकरी मागत होते. अप्पांची मळमळ कुठल्या कुठं गेली. मटणासाठी आलेल्या दोघांनीही तीनदा वाढून घेतलं, चेहरे मात्र शेवटपर्यंत नाराज ठेवले. प्रेमलाताईंनी नारळ फोडला, आणि नैवेद्य वाटेतच पोचला असल्याचं देवीच्या कानावर घातलं.

निघताना धुरपताबाई बोकडाचा दोर घेऊन जीपपाशी आली. इथं ठाण्यावर सोडला तर लांडगा खाईल, घरी नेला तर पुतण्या खाईल, तिनं सरळ सांगितलं. "तुमचं अन्न त्याच्या पोटात गेलंय, बाई. तुमीच न्या. अधूनमधून येत जाईन बघायला." सर कॉलनीचे नियम, अंगणाची लांबीरुंदी आणि शेजाऱ्यांची झोप या तीन मुद्द्यांवर बोलणार होते. वळून पाहतात तर दोर प्रेमलाताईंच्या हातात आलेला होता.

परतीला त्यांनी बाईची खडकाची वाट धरली. ती खरोखर अवघड होती. एका बाजूला उतार, मध्ये हातभर उंचीचे दगड. सरांनी आखूड गिअर टाकला, आणि या वेळी जीप पायरीमागून पायरी चढावी तशी एकेक दगड जोखत वर गेली. माथ्यावर त्यांनी गाडी थांबवली. खाली मोरदऱ्याचं सगळं रान पिवळंतांबूस पसरलं होतं आणि लांब कारखान्याचा धूर सरळ वर चालला होता. सरांना काहीतरी बोलावंसं वाटलं, पण शिकवण्यासारखं असं काही सुचलं नाही, म्हणून ते नुसते बघत बसले.

उन्हं कलायच्या आधी ते नाक्यावर पोचले. गोरोबानं वही उघडली, व्यक्ती तीन मोजल्या आणि त्याची नजर बोकडावर आली. त्यानं पेन खाली ठेवलं. जंगलातून कुठलाही प्राणी गाडीनं बाहेर न्यायला बंदी आहे, आणि नियमात पाळीव की रानटी असा भेद केलेला नाही, असं त्यानं खेदानं सांगितलं. सरांनी आठवण करून दिली, की हा सकाळी तुमच्याच देखत आत गेला.

"गेला, पण पायी गेला," गोरोबा म्हणाला. "वहीत त्यो पायीच हाय. पायी गेलेला गाडीतून कसा निघंल?"

मग बोकड उतरवून पायवाटेनं नेऊन पुन्हा चढवावा असा अप्पांचा सल्ला पडला, तर पायवाटेनं यायला त्याची बाई सोबत पाहिजे असं निघालं. सरांनी वही स्वतःकडं फिरवली. बाहेर जाणाऱ्या गाड्यांच्या पानावर शेवटचा रकाना होता, 'सोबतचे सामान'. देवदर्शनाहून येणारा माणूस सोबत काय आणतो, असं त्यांनी गोरोबाला विचारलं. गोरोबा विचारात पडला. सरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'प्रसाद, नग एक'.

गोरोबानं ते दोनदा वाचलं. बोकडाकडं पाहिलं. मग पेन घेऊन पुढं कंसात 'जिवंत' असं लिहिलं, सही केली आणि फाटक उघडलं.

डांबरी रस्त्याला लागल्यावर मागून एक भरलेली एसटी आली आणि जीपच्या बरोबरीनं चालू लागली. खिडक्यांतून माणसं वाकून वाकून बघायला लागली. शेवाळी रंग राहिला नव्हता अशी एक काळी जीप, पुढं चिखलाचे दोन गृहस्थ, आणि मागच्या बाकड्यावर हळदकुंकवाच्या बोकडाला खांद्याचा आधार देऊन बसलेल्या प्रेमलाताई. दुसऱ्या कुठल्या दिवशी सरांनी मान खाली घातली असती. आज त्यांनी काच खाली केली आणि एसटीला हात केला. एसटीच्या चालकानं हॉर्न वाजवला, अप्पांनी जुन्या ओळखीच्या थाटात सलाम ठोकला. सरांना वेग वाढवायची लहर आली. तेवढ्यात मागून प्रेमलाताईंनी हलक्या आवाजात सांगितलं, की जरा बेतानं घ्या, त्याचा आत्ता कुठं डोळा लागलाय.